मंगळीला कुणी सांगायचं

"मॅडम, आईला नाय सांगायचं," प्रदीप म्हणाला आणि केबिनचं दार त्याने आतून लोटून घेतलं.

असं दार लोटून घेणारे नातेवाईक मला नवीन नाहीत. कधी मुलगा असतो, कधी जावई, कधी गावाहून आलेला थोरला दीर. वाक्य सगळ्यांचं एकच. बोईसरमध्ये दवाखाना चालवता चालवता माझे केस पांढरे झाले, त्यातले निम्मे वयाने झाले असतील आणि निम्मे या वाक्याने. ज्याचं दुखणं त्याला सोडून साऱ्या आळीला ठाऊक, अशी आपल्याकडची रीत. त्या दिवशी सकाळपासून ओपीडी तुडुंब होती, पंखा गरम हवाच फिरवत होता, कारखान्यांकडून रोजचा आंबूस वास येत होता आणि मला कुणाशीही वाद घालायचा नव्हता.

प्रदीपची आई मंगळी बाहेर बाकावर बसली होती. मनोरच्या पुढे डोंगरात त्यांचा पाडा आहे. तिथे ती आणि प्रदीपचा बाप जिवल्या पावसावरची थोडीशी भातशेती करतात. प्रदीप आयटीआय करून इथे कारखान्यात लागला आणि भाड्याची खोली घेऊन राहिला. आईचे डोळे पिवळे झाले तेव्हा आधी पाड्यावरच्या एका माणसाकडून कावीळ उतरवून झाली. तो चुन्याच्या पाण्याने हात धुवून देतो, पाणी पिवळं होतं, बघणाऱ्याला बरं वाटतं. मंगळीची कावीळ काही उतरली नाही, उलट अंगाला खाज सुटली. तीही साधीसुधी नाही. खाजवून खाजवून तिच्या दंडांवर आणि पोटऱ्यांवर रक्ताळलेले ओरखडे उठले होते. तेव्हा प्रदीपने तिला माझ्याकडे आणलं आणि मी पालघरला स्कॅन करायला पाठवलं.

स्वादुपिंडाला गाठ होती. ती पित्ताच्या नळीवर दाबून बसली होती, म्हणून कावीळ. यकृतावरही ठिपके दिसत होते, म्हणजे कॅन्सर पसरला होता आणि कापून काढायची वेळ निघून गेली होती. हे मी प्रदीपला सांगितलं. आईच्या आधी मुलाला सांगितलं, कारण रिपोर्ट घेऊन तो आला होता. आमच्याकडे असंच होतं. ज्याच्या हातात पिशवी, त्याला आजार सांगायचा.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"काही महिने. नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण मुंबईला नेलंस तर दुर्बिणीतून पित्ताच्या नळीत एक छोटी नळी बसवतात. गाठ जाणार नाही, पण पित्त वाहील, कावीळ उतरेल, खाज थांबेल. मात्र लवकर न्यायला हवं. आत जंतू झाले की ताप चढतो, आणि मग आपल्या हातात फारसं काही राहत नाही."

"लगीन झाल्यावर नेतो."

"कुणाचं लग्न?"

"माझं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आणि आईबाबांचं."

मी मूळची परभणीची. नवरा अणुवीज केंद्रात लागला म्हणून इकडे आले, तेव्हा हे ऐकून माझे डोळे विस्फारले असते. आता नाही विस्फारत. डोंगरातल्या पाड्यांवर तरुणपणी दोघं एकत्र राहायला लागतात, पोरंबाळं होतात, लग्नाचा घाट मात्र सवडीने. यंदा नको, पुढच्या साली बघू. मग एखाद्या वर्षी बापाचं आणि मुलाचं लग्न एकाच मांडवात लागतं. आधी बाप बसतो, मग मुलगा. आईबापाचं राहिलेलं असताना मुलाने बाशिंग बांधायचं नाही, असं प्रदीपच्या पाड्यावर मानतात.

"होळी झाली का मांडव, असं ठरलंय," तो सांगत होता. "दीपिकाच्या घरचे तयार हायत. पुढच्या आठवड्यात हळद. आता आईला हे सांगितलं तर ती म्हणेल, मरणारीला कशाला हळद? ती बसणारच नाय. ती नाय तर बाबा नाय, आणि बाबा नाय तर मी नाय."

"आणि तिचे पिवळे डोळे? पाहुण्यांना दिसणार नाहीत?"

"हळद लागली की सगळेच पिवळे."

मला त्याचा राग आला. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि राग धड टिकलाही नाही. पोरगा आईसाठी रडत होता आणि आपल्या लग्नासाठीही अडून बसला होता, दोन्ही एकाच वेळी. गोष्टींमध्ये स्वार्थी मुलगा वेगळा असतो आणि मायाळू वेगळा. माझ्याकडे येतात ते सगळे भेसळीचे.

गेल्या वर्षी पालघरला एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये आम्हा डॉक्टरांना वैद्यकीय नीतीचं प्रशिक्षण झालं होतं. मुंबईहून एक तरतरीत गृहस्थ आले होते. रुग्णाच्या इच्छेचा मान राखा, रुग्णाचं भलं करा, त्याला अपाय करू नका, सगळ्यांना न्याय द्या, अशी चार तत्त्वं त्यांनी पडद्यावर दाखवली. मी विचारलं, ही चार एकमेकांच्या अंगावर आली तर? ते म्हणाले, अशा वेळी तोलून बघायचं. तोलून बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. पनीर चांगलं होतं.

प्रदीपला मी म्हटलं, "मी खोटं बोलणार नाही. पण घाईने काही सांगणारही नाही. बाहेर बस जरा."

तो गेल्यावर दीपा आत आली. दीपा माझी सिस्टर, इथल्या किनाऱ्यावरच्या नवापूरची, कोळ्याची पोर. तिला दारापलीकडचं सगळं ऐकू येतं, आणि आलं नाही तरी कळतं.

"मॅडम, कशाला जिवाला लावून घेता?" ती म्हणाली. "आमच्यात तांडेल होडी घेऊन गेला का घरची वाईट खबर त्याला कोण कळवत नाय. आता फोन लागतो तरी नाय. बंदराला आला का सांगतात."

"मंगळी काही दर्यात गेलेली नाही."

"मांडव पडायचाय ना दारात? मग दर्यातच हाय ती."

मी तिला पुढचा पेशंट पाठवायला सांगितलं. दीपाशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. पण मनातून काही ते जाईना. मंगळीला सांगितलं तर तिचं लग्न मोडेल, आणि ते मोडण्यात माझा हात असेल. न सांगितलं तर मुंबई आधी की मांडव आधी, हे तिच्या शरीराबद्दलचं तिचंच ठरवणं दुसरा कुणीतरी ठरवून टाकेल. आणि तो दुसरा म्हणजे ज्याचं बाशिंग अडलंय तोच. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधल्या बांधावर मी, दुपारचं जेवण न झालेली.

शेवटी दुपारी मंगळीला आत घेतलं. बारकी, काळीसावळी बाई, केस घट्ट बांधलेले. हळदीच्या आधीच पिवळी झालेली. बसल्या बसल्या ती एका हाताने दुसरा दंड खाजवत होती आणि मी बघते आहे हे दिसलं की थांबत होती. प्रदीप तिच्या मागे उभा राहिला, माझ्यावर नजर रोखून.

"मावशी," मी म्हटलं, "तुमच्या दुखण्याबद्दल मला सांगायचंय. ते तुम्हाला सांगू, की घरातल्या दुसऱ्या कुणाला? तुम्ही म्हणाल तसं करू."

मंगळीने आधी मागे पाहिलं. "पोरा, तू बाहेर जा." प्रदीप गेला, पण जाताना दार जरा जोरात लागलं.

"तुला काय दिसला, मोटा हाय का दुखना?" तिने विचारलं. पाड्यावरची माणसं कलेक्टरलाही 'तू' म्हणतात, मलाही म्हणतात. मला ते बरं वाटतं.

"हो."

तिने आपल्या नखांकडे पाहिलं. नखांत रक्त सुकलं होतं.

"माला नको सांगू," ती म्हणाली. "पोराला पन नको, तेचं लगीन हाय. म्हाताऱ्याला सांग. तो म्हनल तसा कर."

पोराला आधीच ठाऊक आहे, हे मी गिळलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं. तिला विचारलं होतं, तिने उत्तर दिलं होतं. न ऐकण्याचा हक्कही तिचाच. चारही तत्त्वं एका प्रश्नात बसली म्हणून मी त्या दिवशी उशिरा का होईना, डबा उघडला आणि नीट जेवले.

दुसऱ्या दिवशी जिवल्या आला. अर्धी चड्डी, इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल. तो सदरा लग्नासाठी घेतलेला होता, हे घड्यांवरून कळत होतं. खुर्चीवर बसायला तयार नव्हता, मग मीच उठून त्याच्याबरोबर बाहेर बदामाच्या झाडाखाली बाकावर बसले. सगळं सांगितलं. गाठ, महिने, मुंबई, नळी. त्याने मधे एकदाही तोंड उघडलं नाही. मला वाटलं त्याला समजलं नाही, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार होते.

"खाज जाईल?" त्याने विचारलं.

"मुंबईला नेलं तर जाईल. नळी बसली की हळूहळू कमी होते."

"ती निजत नाय. मी हात धरून बसतो तिचे. धरले का रडते, सोडले का रगत काढते." तो टॉवेलचं टोक पिळत होता. "आदी मंबय."

मला एवढ्यावर सोडून देता आलं असतं, पण तो निर्णय आंधळेपणाने होऊन चालणार नव्हता. "नीट ऐका," मी म्हटलं. "लग्नाची तारीख जाईल. आणि मुंबईला काही कमी-जास्त झालं तर तुमचं लग्न राहूनच जाईल. मी हमी देऊ शकत नाही."

"लगीन इतकी वरसं थांबलं," जिवल्या म्हणाला. "खाज नाय थांबत."

"मंगळीबाईंना काय सांगाल?"

"चल, खाज जाते. बास, इतकाच."

एवढ्या दिवसांत खाजेबद्दल पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. मुलगा लग्नाचं बोलत होता, मी हक्काचं बोलत होते. मला माझीच थोडी लाज वाटली.

संध्याकाळी प्रदीप शिफ्टच्या बसमधून उतरून तडक दवाखान्यात आला. अंगावर कारखान्याचा गणवेश, डोळे लाल.

"तुम्ही बाबाला सांगितलं."

"तुझ्या आईने सांगायला लावलं."

"तुम्ही तिला विचारलंच कशाला? असं विचारलं का माणसाला समजतंच ना, काहीतरी मोठं हाय म्हणून. आता दीपिकाचा बाप म्हणतो, तारखा बदलणाऱ्यांच्या घरात पोर कशी देऊ. आणि आईचं काय झालं तिथं तर? ती लग्नाशिवाय जाईल मॅडम. तुमच्यामुळे."

विचारलं की निम्मं कळतंच, हे त्याचं म्हणणं खरं होतं. न विचारता ठरवायचं हेही मला पटत नव्हतं. तिसरा रस्ता तेव्हा सापडला नाही आणि अजूनही सापडलेला नाही. त्या हॉलमधल्या गृहस्थांना गाठून विचारावं असं फार वाटलं, पण त्यांचं काम तत्त्वं सांगायचं होतं, आणि प्रदीपचा राग झेलायचं माझं.

प्रदीप मुंबईला गेला नाही. मी ज्या मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी देऊन पाठवलं होतं, तिथे जिवल्या एकटाच तिला घेऊन पोहोचला. दुसऱ्या दिवशी ओपीडीत मला तिथल्या खिडकीवरून फोन आला.

"मॅडम, हा माणूस पेशंटचा नवरा आहे ना?"

"आहे."

"मग तो स्वतःच 'नाही' असं का म्हणतोय? नातं काय विचारलं तर म्हणतो, लगीन व्हायचंय."

कित्येक दिवसांनी मला हसू आलं. खोटं बोलायला जिवल्याला एक शब्द पुरला असता, पण जे झालं नाही ते झालं म्हणून सांगायचं हे त्या माणसाच्या डोक्यातही आलं नसेल. मंगळीचा अंगठा घेतला होता, पण बरोबर जबाबदार नातेवाईक हवा, तसा नियम होता. "मुलगा असेल तर चालेल," खिडकीवरचा माणूस म्हणाला. आईबापाचं लग्न झालेलं नाही आणि मुलगा मात्र चालतो, हे त्याला विचित्र वाटत नव्हतं. मीही त्याला डिवचलं नाही, बिचारा नियमाचाच धनी. मी प्रदीपला फोन लावला आणि जे घडलं ते सांगितलं. दुपारची शिफ्ट सोडून तो गेला आणि सही करून आला, हे मला त्याच्या मेसेजवरून कळलं. "झालं," एवढंच त्यात होतं.

मंगळी परत आली तेव्हा आधी माझ्याकडे दाखवायला आणली. माझ्या बाहेरच्या बाकावर, सगळ्या गलक्यात, ती जिवल्याच्या खांद्याला टेकून गाढ झोपली होती. दीपाने तिचा नंबर आला तरी उठवलं नाही. मग मी तपासलं. डोळे निवळत होते, ओरखड्यांवर खपल्या धरल्या होत्या. तिने मला काहीही विचारलं नाही, आणि मीही मनातल्या मनात ती फाइल बंद करून टाकली. तिला जाणून घ्यायचं नाही. तिची इच्छा, तिचा मान. पुढचा पेशंट.

वैशाख संपता संपता लग्न लागलं. दीपिकाच्या बापाची समजूत कुणी काढली देव जाणे. आमंत्रण द्यायला प्रदीप स्वतः आला, पण ताठच होता, पाणीसुद्धा प्यायला नाही. रविवारी मी आणि दीपा गाडी काढून गेलो. उन्हाने डोकं भणभणत होतं. मला खरं तर घरी आडवं पडायचं होतं, पण न जाणं म्हणजे तोंड लपवणं झालं असतं.

दारात हिरव्या फांद्यांचा मांडव होता. आतल्या भिंतीवर गेरूवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिलेला. लग्न लावणारी म्हातारी, तिला ते ढवळेरी म्हणतात, खाली बसून एका सुरात गात होती आणि बायका तिच्यामागे ओढत होत्या. आधी जिवल्या आणि मंगळी बसले. दोघांच्या गालाफडांवर हळद, जिवल्याच्या कपाळावर बाशिंग. पाड्यावरची पोरं त्यांना चिडवत होती आणि मंगळी पदरात हसत होती. मग प्रदीप आणि दीपिका बसले. प्रदीपने तिथूनच माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ती माफी होती की नुसती ओळख, मला कळलं नाही, पण मी दोन्ही समजून घेतली.

जेवण झालं, ढोल वाजायला लागले, आणि मी दीपाला निघायची खूण केली. तेवढ्यात मंगळीने मला हात करून घरामागे बोलावलं. तिथे कुडाच्या सावलीत ती गोणपाटावर बसली होती. हळदीतून तिचे डोळे आता पांढरे दिसत होते. अंगावर मात्र मांस राहिलं नव्हतं.

"बस," ती म्हणाली. मी बसले.

"लगीन झालं."

"हो. छान झालं."

"आता सांग."

काय सांगू, असं मी विचारलं. विचारायची गरज नव्हती, पण वेळ काढायची होती.

"तवा सांगायचं होतं ना तुला. माझा दुखना." ती शांतपणे बोलत होती. "तवा आयकलं असतं त मी हळदीला बसली नसती. माझी माला ठावं. मंग पोराचं पन अडलं असतं. आता दोगांचं झालं. आता सांग."

मी म्हटलं, उद्या दवाखान्यात या, शांतपणे बोलू. ती म्हणाली, उद्या नाय. मी इतकी दमले होते की तिच्यापुढे हात जोडावेसे वाटले. जिथे मी तिचा नकार मोकळ्या मनाने मान्य करून बसले होते, तिथे तिने नकार दिलाच नव्हता. तिने फक्त मला थांबवून ठेवलं होतं, आधी घरचं कार्य उरकून घ्यायचं म्हणून.

मग मी सांगितलं. पोटात गाठ आहे, ती जाणार नाही, नळीमुळे बरं वाटतंय ते काही काळ.

"भात लावीन?" तिने विचारलं.

"लावाल. बहुतेक लावाल."

"कापीन?"

पुढे ढोल जोरात वाजत होता. "नाही वाटत," मी म्हटलं.

तिने मान हलवली, कुणी बाजारभाव सांगावा आणि आपण ऐकून घ्यावा तशी. पदराने तोंड पुसलं, हळद पदराला लागली.

"म्हाताऱ्याला ठावं?"

"हो. तुम्ही सांगायला लावलंत तेव्हापासून."

"नि पोराला?"

"त्यालाही. तुम्हाला विचारलं त्याच्याही आधीपासून. ते चुकलं माझं."

"म्हंजे माला सोडून साऱ्यांना," मंगळी म्हणाली. रागाने नाही, नुसतं म्हणाली.

कुडाच्या फटीतून अंगण दिसत होतं. फेर धरला होता. म्हातारे, पोरं, पाहुणे, सगळे एकमेकांच्या कमरेला हात घालून फिरत होते आणि त्यांच्यात जिवल्या, त्याच पांढऱ्या सदऱ्यात, बाशिंग एका कानावर घसरलेलं. मंगळी त्याच्याकडे बघत होती. मग तोही वळला, आम्हा दोघींना एकत्र बसलेलं त्याने पाहिलं आणि त्याची पावलं चुकली. फेर पुढे सरकला, तो तिथेच उभा राहिला.

मंगळी हसली आणि हात हलवून तिने त्याला खूण केली, नाच. तो पुन्हा फेरात शिरला.

"तेला नाय सांगायचं," ती हळू आवाजात मला म्हणाली. "माला कळलं म्हनून. आज नाचू दे."

मी बरं म्हटलं.